दणक्यात शिकवलेला पट्टा

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास राजमतीने कांड्यांवर सूत गुंडाळणारे कांडी मशीन थांबवले आणि मागांच्या चार ओळी ओलांडून ती आपल्या नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने उजव्या हाताची मूठ वळून मानेच्या मागे हाणल्याची खूण केली, दोन्ही तळव्यांनी डोके गच्च दाबून धरले आणि ओठांनी सावकाश शब्द उच्चारले. शेडमध्ये बहात्तर यंत्रमाग एकाच वेळी धडधडत असताना माणसाचा आवाज माणसास ऐकू जात नाही. तेथील लोक ओठ वाचतात आणि हातांनी बोलतात. भरतेश मगदूमने आपल्या पत्नीचे ओठ वाचले. एकदम डोके फुटल्यासारखे झाले, असे ती सांगत होती.

भरतेश त्या शेडचा जॉबर होता. माग अडला की तो सोडवणारा, आडवे सूत नेणारा धोटा उडाला की त्याचे कारण शोधणारा, असा तो इसम. शिक्षण आठवीपर्यंतच झालेले. परंतु यंत्राच्या नुसत्या थरथरीवरून त्याचे दुखणे ओळखण्याची विद्या त्याला साध्य होती व तिचा त्याला रास्त अभिमान होता. त्याने हाताचे ग्रीस फडक्याला पुसले, राजमतीच्या कानामागचे केस बाजूला सारले आणि तेथे टेकलेल्या पट्ट्यावरचा बोटाच्या पेराएवढा दिवा पाहिला. दिवा हिरवा होता. त्याने दिव्याकडे बोट दाखवले, अंगठा वर केला, मग पोटावर हात ठेवून तोंडाशी नकाराची खूण केली. भाद्रपदातील जैनांच्या दशलक्षण व्रताचे दिवस होते, राजमतीचे एकाशन चालू होते, दिवसातून एकदाच जेवणाऱ्या बाईचे पित्त खवळणारच, असा त्या खुणांचा अर्थ होता.

राजमती क्षणभर तशीच उभी राहिली. मग ती मागे वळली आणि पुन्हा कांड्या भरू लागली. दुपारपर्यंत वेदना ओसरली, म्हणून त्या गोष्टीचा विसर पडला.

येथे त्या पट्ट्याची हकीकत सांगणे अगत्याचे आहे, कारण पुढील सर्व अनर्थ त्यातूनच उद्भवला.

मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीची भिंत एखाद्या ठिकाणी दुबळी होते व तेथे सायकलच्या जुन्या ट्यूबला यावा तसा बारीक फुगा येतो. कित्येकांच्या डोक्यात असा फुगा जन्मभर सुखाने राहतो व त्यांना त्याची गंधवार्ताही नसते. परंतु काहींचा फुटतो. तेव्हा रक्त मेंदूच्या आवरणांमध्ये पसरते आणि वेदना हळूहळू वाढत न येता एका निमिषात पूर्ण जोराने येते. पुष्कळदा मोठा स्फोट होण्यापूर्वी हा फुगा थोडासा झिरपतो. डोके भयंकर दुखते, मग उतरते, आणि मनुष्य कामाला लागतो. त्या झिरपण्यापासून खऱ्या स्फोटापर्यंत कधी काही तास तर कधी काही दिवस मिळतात. वाचवता येण्याजोगा काळ तोच, आणि नेमका तोच काळ लोक पित्त, ऊन, चष्मा, जागरण अशी नावे देऊन घालवीत असत.

हा विलंब टाळावा म्हणून शिरोपट्टा निघाला. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी आपली कवटी केसाहूनही सूक्ष्म अशी हलते. डोक्यात रक्तस्राव झाला की आतला दाब बदलतो आणि या कंपनाचा आकार बदलतो. कपाळावरून कानामागे जाणारा रबरी पट्टा हे कंपन अहोरात्र मोजीत असे. मात्र प्रत्येक डोक्याचे कंपन निराळे असल्याने पट्ट्याला प्रथम शिकवावे लागे. धारण करणाऱ्याने निवांत खोलीत दहा मिनिटे निश्चल पडून राहायचे, तेवढ्यात पट्टा त्याची प्रकृती समजून घेई व पुढे आयुष्यभर तिच्याशी ताडून पाही. प्रकृती जुळली तर हिरवा, बदलली तर लाल. लाल होताच रुग्णवाहिका आपोआप निघे. पाच-सहा वर्षांत हजारो जीव वाचले. डोकेदुखीच्या गर्दीने गांजलेल्या रुग्णालयांनी मग नियमच केला, की लाल पट्टा असेल तो सरळ आत येईल व हिरवा असेल तो रांगेत बसेल.

सन दोन हजार एकोणचाळीसमध्ये पट्टे वाटणारी ही सरकारी आरोग्य योजना इचलकरंजीच्या मागांपर्यंत आली. शहरात तोपर्यंत धोट्याविना चालणाऱ्या शटललेस मागांचे मोठे कारखाने झाले होते, तथापि जुन्या धोट्याच्या मागांच्या काही शेड्स तग धरून होत्या आणि त्यांत भरतेशची शेड होती. मिनिटाला एकशेतीस ठोके घालणारे बहात्तर माग जमिनीला जो दणका देतात, तो पायातून चढून डोक्यापर्यंत जातो. बिचारा पट्टा बावचळला. पहिल्या आठवड्यात अकरा जणांचे दिवे लाल झाले आणि चार वेळा रुग्णवाहिका दारात आली. इराप्पा नावाच्या ठणठणीत कामगाराला गालात तंबाखू असतानाच उचलून नेले. संध्याकाळी तो परतला तेव्हा सगळी गल्ली त्याला विचारीत होती, "इराप्पा, मेंदू घावला का न्हाई?" त्यानंतर लोकांनी पट्टे खुंटीला टांगले. पट्टा नसेल त्याचे नाव योजनेतून कमी होईल, असे शेडचा हिशेब पाहणाऱ्या दिवाणजींनी बजावले. तेव्हा सगळ्यांच्या नजरा साहजिकच जॉबरकडे वळल्या.

भरतेशने युक्ती केली. पट्टा मागांत वापरायचा आहे ना, मग त्याला मागांतच शिकवावे. त्याने दोन ओळींच्या मधोमध एक पेटी पालथी घातली, एकेका कामगाराला तिच्यावर बसवले आणि सारे माग भरात चालू असताना दहा-दहा मिनिटांचा तो पाठ दिला. तीन दिवसांत त्रेचाळीस पट्टे झाले. सर्वांत शेवटी त्याने राजमतीचा पट्टा शिकवला. त्यानंतर शेडमध्ये किंवा घरी एकही दिवा कधी लाल झाला नाही, कारण दणक्याहून लहान फरक पट्ट्यांच्या खिजगणतीतच उरला नव्हता. मालकांनी नारळ व टॉवेल देऊन त्याचा सत्कार केला.

ज्याला दणकाच शांतता म्हणून पढवला, त्याला कुजबूज ऐकू येणे अशक्य होते. ही शंका भरतेशच्या मनाला कधी शिवलीच नाही असे म्हणता येणार नाही. पट्ट्यासोबत आलेल्या पुस्तिकेत 'निवांत खोली' हे दोन शब्द ठळक छापलेले होते. त्याने ते वाचले होते. नंतर ती पुस्तिका घडी करून त्याने एका डुगडुगणाऱ्या मागाच्या पायाखाली पाचर म्हणून सारली होती.

शुक्रवारी सकाळी पावणेआठ वाजता आंघोळ करून बाहेर येताना राजमती न्हाणीच्या उंबऱ्यातच खाली बसली. तिच्या तोंडून किंचाळी आली नाही, केवळ एक दीर्घ, कोंडलेला आवाज आला. भरतेश धावला. ती दोन्ही हातांनी मान धरून पुढे वाकली होती आणि तिला कोरडे उमासे येत होते. उजेड डोळ्यांत सुया टोचल्यासारखा लागतो, दार लावा, एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

त्यांची मुलगी अक्षता कॉलेजला निघाली होती. तिने पिशवी खाली टाकली आणि मदतकेंद्राचा नंबर फिरवला. पलीकडच्या यंत्राने पट्ट्याचा क्रमांक विचारून घेतला आणि मंजुळ वाणीने सांगितले की आपला पट्टा हिरवा आहे, तातडीचे कारण दिसत नाही, सोयीने जवळच्या रुग्णालयात दाखवावे. अक्षताने फोन खाली केला व वडिलांकडे पाहिले.

"पप्पा, पट्टा बरोबर असंल न्हवं?"

"मी सोता लावलाय त्यो," भरतेश म्हणाला.

त्या शब्दांनी मुलीच्या चेहऱ्यावर जो दिलासा पसरला, तो पाहून भरतेशने नजर दुसरीकडे वळवली. पट्ट्याचा हिरवा रंग कशाने आला आहे, हे त्या घरात, किंबहुना त्या शहरात, केवळ त्यालाच ठाऊक होते. राजमतीला उपवासाचे पित्त झालेले असू शकते. तसे नसूही शकते. हिरवा दिवा या दोहोंतला भेद सांगू शकत नव्हता, आणि तो का सांगू शकत नाही हे तोंडाने उच्चारण्याचे धैर्य त्याला होत नव्हते.

मग त्याला वाटले, अजून वेळ गेलेली नाही, आपण हे गुपचूप सुधारू. त्याने अक्षताला लिंबू-पाण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात पाठवले. राजमतीला खाटेवर उताणे निजवले, खिडकी लावली, पंखा बंद केला आणि पट्ट्याचे बारीक बटण नखाने दाबून धरले. जुनी शिकवण पुसली गेली. दिवा पिवळा झाला. दहा मिनिटे.

"हलू नगंस," तो तिच्या कानाशी म्हणाला. "जरा दम धर, हलू नगंस."

ती हलली नाही. मिटलेल्या पापण्यांतून पाणी वाहत होते, मान लाकडासारखी ताठ झाली होती, तरी नवरा सांगतो म्हणून ती बाई दहा मिनिटे दगडासारखी पडून राहिली. भरतेश घड्याळाकडे पाहत होता. लिंबू-पाणी घेऊन आलेल्या अक्षताला त्याने दारातच बोटाने थांबवले. अखेर पट्ट्यातून बारीक गुणगुण झाली आणि दिवा हिरवा झाला.

भरतेशने श्वास सोडला. आता हा खरा हिरवा होता, निवांत खोलीत शिकवलेला. त्याने राजमतीच्या कपाळावर हात ठेवला, ती ठीक आहे असे म्हणायला तोंड उघडले, आणि तेवढ्यात काहीतरी उमगून त्याने हात मागे घेतला.

पट्ट्याने आजची राजमती शिकून घेतली होती. या क्षणी तिच्या कवटीत जे काही चालले होते, तीच तिची प्रकृती असे त्याने मानले होते. आत रक्त साचत असेल तर त्याच्या लेखी रक्त साचणे हेच निरोगी डोक्याचे लक्षण ठरले होते. कदाचित कुणा कुशल माणसाला जुन्या नोंदींतून काही वाचता आले असते. त्या नोंदी भरतेशने स्वतःच्या नखाने पुसल्या होत्या.

रिक्षा मिळून रुग्णालय गाठेपर्यंत साडेनऊ झाले. दाराच्या कमानीने राजमतीचा पट्टा ओळखला व हिरव्या बाणाने तिघांना उजवीकडच्या दालनात धाडले. टोकन मिळाले चौसष्ट. फलकावर तेव्हा एकोणीस लागले होते. लाल पट्ट्यांचे डावे दार मोकळे होते. आत पांढऱ्या चादरीची एक रिकामी खाट दिसत होती आणि तिच्याशेजारी एक परिचारिका हातमोजे घालून कुणाची तरी वाट पाहत उभी होती.

राजमती बाकावर मुलीच्या मांडीत डोके घालून पडली. भरतेश शेजारी बसला. त्याच्या भयाचे स्वरूप येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. पट्ट्यात ढवळाढवळ करणे हा गुन्हा असल्याचे त्याने वाचले होते, त्यामुळे तुरुंगाची भीती होती. त्रेचाळीस कामगारांची नावे योजनेतून उडतील आणि ते सारे आपल्या नावाने खडे फोडतील, ही भीती त्याहून मोठी होती. परंतु या दोन्हींना मागे सारील अशी एक भीती त्याच्या अगदी खांद्याला खांदा लावून बसली होती. ती अक्षताची होती. आपला बाप कोणत्याही यंत्राला वठणीवर आणतो, हे ती मैत्रिणींना अभिमानाने सांगत असे. तिच्या देखत तोंड उघडायचे होते.

तो एकदा उठला. नोंदणीच्या खिडकीशी जाऊन त्याने विनवले की बाईचे डोके फारच दुखते आहे, जरा लवकर पाहावे. खिडकीतल्या सिस्टरने पडद्यावर पाहिले आणि थकलेल्या पण सौम्य आवाजात सांगितले की येथे बसलेल्या प्रत्येकाचे काही ना काही दुखतेच आहे, पट्टा हिरवा आहे म्हणजे काळजी नको. तो परत येऊन बसला. फलकावर सत्तावीस लागले.

तो दुसऱ्यांदा उठला तेव्हा शब्द अगदी जिभेच्या टोकावर होते. परंतु खिडकीपर्यंत पोहोचताच त्याचे पाय पाण्याच्या कूलरकडे वळले. त्याने पाणी प्यायले, पेला पालथा घातला आणि तो माघारी आला. अक्षताने त्याच्या हातावर हात ठेवला व धीर दिला की पप्पा, घाबरू नका, लाल असता तर वेगळं, हिरवाच आहे की. त्याने आपला हात हळूच काढून घेतला. राजमती आता कण्हत नव्हती. ती झोपली असे अक्षताला वाटले. भरतेशला तसे वाटेना, पण ते वाटणेही तो गिळीत राहिला.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी राजमतीने डोळे उघडले. डोळे असे म्हणणे चुकीचे आहे, कारण एकच उघडला. उजव्या डोळ्याची पापणी अर्ध्यावर लोंबत राहिली, जणू तिचा धागा आतून कुणी तोडला होता, आणि तिच्याखाली दिसणारी बाहुली केवढी तरी मोठी झालेली होती. तिने मुलीकडे पाहिले. "दोन दोन दिसायलीस गं," ती जड जिभेने म्हणाली.

भरतेशने पुढचा विचार केलाच नाही. त्याने तिच्या कपाळावरचा पट्टा ओढून काढला आणि तो तडक खिडकीशी गेला.

"सिस्टर, ह्यो पट्टा खोटं बोलतोय. मीच त्याला तसं शिकवलंय."

सिस्टरला काही उमजले नाही. रांगेतला एक म्हातारा मात्र मोठ्याने हसून शेजाऱ्याला म्हणाला, "नंबर पुढं घ्यायला आता पट्ट्यावर आळ. शाणी हाईत लोकं." दोघेचौघे हसले. सिस्टरने भरतेशला पट्टा परत बांधण्यास व जागेवर बसण्यास सांगितले.

भरतेश वळला आणि त्याने तो पट्टा भिंतीलगतच्या कूलरला, जेथे आतल्या यंत्राची घरघर पत्र्यातून जाणवत होती, तेथे ताणून बांधला. दिवा क्षणभर विझला. मग त्याने तेच बटण पुन्हा दाबून धरले, आणि दालनातील पन्नास माणसे पाहत असताना तो एखाद्या कैद्याप्रमाणे कूलरजवळ उभा राहिला. दहा मिनिटे थांबण्याचे त्राण त्याच्यात नव्हते. तो पिवळ्या दिव्याकडे बोट दाखवून बोलत सुटला.

"दा मिनटात ह्यो हिरवा हुईल. ह्या कूलरचं डोस्कं ठीक हाय म्हनंल. ज्याच्याजवळ शिकवाल त्येलाच खरं म्हनतोय ह्यो. मी चालू मागात शिकवला. आनि सकाळी... सकाळी तिला असं हुत असतानाच परत शिकवला. त्या दिव्याला काय अर्थ न्हाई, बाई. मंगळवारी पयल्यांदा दुखलं हुतं तिला. तिच्या डोळ्याकडं बघा."

सिस्टर उठली. ती कूलरकडे गेली नाही, थेट बाकाकडे गेली. तिने वाकून राजमतीची पापणी उचलली, खिशातला दिवा बाहुलीवर पाडला आणि पुढच्याच क्षणी ती डाव्या दाराच्या दिशेने ओरडली. पांढऱ्या चादरीची ती खाट धावत बाहेर आली. म्हातारा उठून बाजूला झाला व त्याने आपली काठीही आवरून घेतली. राजमतीला उचलताना अक्षताने आईचा पाय धरला होता, तो सोडताना तिने मान वळवून वडिलांकडे पाहिले.

कूलरवरचा दिवा थोड्या वेळाने हिरवा झाला. तोपर्यंत तेथे तो पाहायला भरतेश नव्हता.

डॉक्टर मृणाल केळुसकर या ठेंगण्या, जलद बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी राजमतीच्या स्कॅनचे छायाचित्र समोर धरले. मेंदूच्या तळाशी, जेथे काळे दिसायला हवे, तेथे दूध सांडल्याप्रमाणे पांढरे पसरले होते. तेच रक्त होते. रक्तवाहिन्यांच्या चित्रात एका फांदीवर ज्वारीच्या दाण्याएवढा फुगवटा दिसत होता. डॉक्टरांनी सांगितले की मंगळवारी तो झिरपला असावा व आज सकाळी फुटला. सध्या रक्ताच्या एका गुठळीने तोंड धरून ठेवले आहे, ती केव्हाही सुटू शकते, आणि ती सुटली तर आपल्या हाती काही उरणार नाही. जांघेच्या धमनीतून केसासारखी नळी मेंदूपर्यंत नेऊन त्या फुगवट्यात प्लॅटिनमच्या बारीक तारेची गुंडाळी भरायची, म्हणजे रक्त आत शिरणार नाही, असा उपाय होता.

"दुखायला नेमकं कधी लागलं?" त्यांनी विचारले. "आज नाही, पहिल्यांदा."

"मंगळवारी. अकराला."

"आणि आज?"

"पावणेआठला."

डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. साडेबारा वाजत आले होते. त्यांनी दोष दिला नाही. मंगळवारी आणले असते तर काय झाले असते, हेही त्या बोलल्या नाहीत, आणि ते न बोलणे भरतेशला चपराकीहून जास्त लागले. त्यांनी फक्त असे पट्टे आणखी किती आहेत ते विचारले.

"बेचाळीस," भरतेश म्हणाला.

राजमतीला आत नेऊन शस्त्रक्रियेच्या दारावरचा दिवा लागल्यावर त्याने शेडमध्ये फोन लावला. मागांच्या आवाजात फोन कुणाला ऐकू जाईना. सातव्या वेळी दिवाणजींनी तो उचलला व बाहेर रस्त्यावर येऊन घेतला. भरतेशने सारे सांगितले, काहीही राखून ठेवले नाही. सगळ्यांचे पट्टे काढून घ्या, ज्याचे डोके गेल्या काही दिवसांत एकाएकी दुखले असेल त्याला हात वर करायला लावा आणि आजच्या आज तपासायला पाठवा, अशी त्याने विनंती केली. दिवाणजींनी एवढेच विचारले, की भरतेश, तू हे कुणाला सांगितलं नसतंस तर चाललं असतं का रे? त्यावर तो म्हणाला की चाललं असतं, दिवाणजी, पावणेआठपासून बारापर्यंत चाललंच होतं की. दिवाणजी फोन तसाच हातात धरून आत गेले, आणि माग एकेक करून बंद होत गेल्याचे त्याला ऐकू आले.

अक्षता त्याच्यापासून तीन बाक दूर बसली होती. दोन तासांत तिने एकदाही इकडे पाहिले नाही. एकदा तो पाण्याची बाटली घेऊन तिच्याकडे गेला. तिने बाटली घेतली, टोपण उघडले, आणि दाराकडे पाहतच विचारले, "सकाळी मला लिंबू-पाणी आणायला कशाला पाठवलं, पप्पा?" त्याने खरे कारण सांगितले. तिने ऐकून घेतले आणि टोपण लावून बाटली न पिताच परत केली.

तीन वाजता दार उघडले. तार भरली गेली होती. राजमती जिवंत होती.

परंतु भय तेथे संपत नाही, हे डॉक्टरांनी त्याच दिवशी स्पष्ट केले. सांडलेल्या रक्ताने चिडून मेंदूच्या धमन्या पुढे चौदा दिवस कधीही आकसू शकतात. तसे झाले तर मेंदूचा तो भाग उपाशी मरतो. त्यामुळे डोकेदुखी, गुंगी, बोलण्यातला अडखळा, हातातले बळ कमी होणे, यांपैकी काहीही दिसले की लगेच कळवायचे. भरतेश ते चौदा दिवस अक्षरशः बोटांवर मोजू लागला. आरोग्य खात्याची माणसे येऊन त्याचा जबाब घेऊन गेली. मालकांनी त्याला कामावरून दूर केले. शेडमधल्या बेचाळीस जणांची तपासणी झाली. त्यांच्यात काही निघाले नाही. हे कळल्यावर तो रुग्णालयाच्या जिन्यात बसून रडला. इराप्पा त्याला भेटायला आला होता. तो शेजारी बसून बराच वेळ तंबाखू मळत राहिला आणि जाताना म्हणाला, "माझा मेंदू हाय म्हनं ठिकाणावर. फोटू दिलाय त्येंनी, भित्तीला लावनार हाय." भरतेशला हसू आले आणि हसल्याची लाजही वाटली.

अकराव्या दिवशी राजमती उशीला टेकून बसली. उजवी पापणी अजून पुरती उचलत नव्हती. केस विस्कटलेले होते आणि कपाळावर रुग्णालयाने नवा पट्टा बांधला होता, सिस्टरने बंद खोलीत, भरतेशला बाहेर घालवून शिकवलेला. अक्षता डबा आणायला गेली होती. त्या दोघांखेरीज खोलीत कुणी नव्हते.

"पोरगी तुमच्याशी बोलत न्हाई," राजमती म्हणाली. "काय केलंसा?"

इतके दिवस याच प्रश्नाची त्याला धास्ती होती. सिस्टरला, डॉक्टरांना, दिवाणजींना, सरकारी माणसांना त्याने सांगितले होते. जिचे डोके होते तिला अजून सांगितले नव्हते. त्याने खाली मान घालून प्रारंभापासून सांगितले. पालथी पेटी, दणका, शुक्रवारची ती दहा मिनिटे, पिवळा दिवा, आणि बाकावर घालवलेला तो काळ.

"मंगळवारी मी चार ओळी ओलांडून आले," ती शेवटी म्हणाली. बोलताना तिला मधे थांबावे लागत होते. "तुम्ही माझ्या कानामागं बघितलं. तोंडाकडं बघितलं न्हाई. बघितलं असतं तर... मला वाटलं मी मरतोय. ते तोंडावर हुतं सगळं."

"चुकलं माझं."

"चुकलं म्हनायला अकरा दिवस लागलं तुम्हास्नी." ती थोडी दम खाऊन पुढे म्हणाली, "आनि शुक्रवारी हलू नगंस म्हनालासा. मी हललेबी न्हाई. मला वाटलं, ह्ये कायतरी इलाज करायल्यात."

भरतेश तिच्या पायांवरची चादर उगाच सारखी करू लागला. ती खिडकीकडे पाहत होती. थोड्या वेळाने तिने कपाळ आवळले, डोळा मिटला आणि हात डोक्याच्या डाव्या बाजूला नेला.

"दुखाय लागलंय," ती म्हणाली.

भरतेशने वर पाहिले. तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. मग तो उठून दारात गेला व त्याने सिस्टरला हाक मारली. सिस्टर आली, तिने राजमतीच्या कानामागे डोकावले आणि हसून सांगितले की काका, हिरवा आहे, आणि हा खोटा नाही बरं, मी स्वतः शिकवलाय.

"खरा असंल," भरतेश म्हणाला. "तुम्ही डॉक्टरीण बाईंना बोलवा."

त्या राउंडला आहेत, अर्ध्या तासात येतीलच, असे सिस्टरने सांगितले. भरतेश दारातून हलला नाही. तो मोठ्याने बोलला नाही, त्याने हातही उगारला नाही, नुसता चौकट धरून उभा राहिला आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाला. मग तिसऱ्यांदा म्हणाला. सिस्टरने त्याच्याकडे पाहिले, नंतर खाटेकडे पाहिले आणि भिंतीवरचा फोन उचलला.

डॉक्टर केळुसकर झपझप आल्या. त्यांनी पट्ट्याकडे पाहिलेच नाही. त्यांनी राजमतीचे दोन्ही हात वर करून घेतले, बोटे दाबायला लावली, बाहुल्यांवर उजेड पाडला. डावा हात किंचित खाली येत होता. त्यांनी सिस्टरला हळू आवाजात दोन औषधांची नावे सांगितली व खाट खाली स्कॅनला न्यायला लावली. मग त्या राजमतीवर वाकल्या.

"कधीपासून दुखतंय, मावशी?"

"आत्ताच," राजमती म्हणाली. तिने नवऱ्याकडे बोट केले. "ह्येंच्याशी भांडत हुते, तवा. मी म्हनलं आनि ह्ये उठलं."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिले आणि कागदावर वेळ लिहिली. चार मिनिटे झाली होती. भरतेशने खाटेचे चाक सोडवले आणि तो तिच्यासोबत धावू लागला.